सशाची जागा सशालाच विचारा



घरात ससा आला की पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. मुले शाळेतून धावत घरी येतात, शेजारची पोरे दारात गर्दी करतात, कोणी गाजर आणतो, कोणी कोथिंबिरीच्या काड्या. नवव्या दिवसापासून वास सुरू होतो. कॉटखाली लेंड्या, गोधडीवर लघवी, दप्तराच्या कोपऱ्याला ओल. दहा बाय बाराच्या खोलीत वासाला लपायला जागा नसते. शेजारीण नाकाला पदर लावते, घरातली बाई वैतागते आणि महिनाभरात निकाल लागतो, ‘घाणेरडे जनावर आहे, काढून टाका.’ मग कोणी ससा दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, तर कोणी अंधार पडल्यावर बागेत नेऊन सोडतो. बागेत सोडलेला पाळीव ससा कुत्र्या-मांजरांच्या तावडीत सापडायला वेळ लागत नाही.

वस्त्यांमध्ये फिरताना हा प्रकार आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की, या वेळचे सदर त्यालाच द्यायचे ठरविले. आमचे म्हणणे सरळ आहे. ससा घाणेरडा नाही. उलट, जागेच्या बाबतीत तो फार पक्का प्राणी आहे. आपली जागा तो स्वतः ठरवतो. आपण ती ओळखत नाही, आपल्या सोयीची जागा त्याच्यावर लादतो आणि मग त्यालाच नावे ठेवतो. एखाद्याला स्वच्छ जागा द्यायची नाही आणि वर त्यालाच घाणेरडा म्हणून बाहेर काढायचे, हा न्याय आपल्या वाचकांना नवा नाही. निदान आपल्या घरात तरी तो एका मुक्या जीवाला लागू होऊ नये.

ससा असे का करतो?

आपण पाळतो तो ससा आणि आपल्या रानात दिसणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानातला आपला ससा बीळ खोदत नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावरच राहतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे त्याला संरक्षण आहे. गावाकडे त्याचे पिल्लू सापडले तरी ते उचलून घरी आणू नये. पाळीव ससा हा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज. ते ससे जमिनीत बिळांचे जाळे खोदून एकत्र राहतात आणि बिळांच्या आसपास ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग करतात. हा ढीग म्हणजे त्यांची पाटी असते, ‘ही हद्द आमची.’ हनुवटीखालच्या ग्रंथी वस्तूंवर घासूनही ते अशीच खूण करतात. तुमचा ससा कॉटच्या पायाला हनुवटी घासताना दिसला, तर तो आपले नाव लिहितो आहे असे समजा.

हा स्वभाव पिंजऱ्यात किंवा चाळीतल्या खोलीत आला म्हणून जात नाही. ससा खोलीतला एखादा कोपरा निवडतो आणि लघवीसाठी बहुधा तिथेच परत परत जातो. लेंड्यांचे थोडे वेगळे आहे. पुष्कळशा लेंड्या त्याच कोपऱ्यात पडतात, पण काही तो खूण म्हणून इकडेतिकडे टाकतो. म्हणून अपेक्षा नीट ठेवावी. लघवी ट्रेमध्ये झालीच पाहिजे, असा आग्रह धरायला हरकत नाही. चार लेंड्या बाहेर पडल्या, तर त्या कोरड्या असतात, त्यांना फारसा वास नसतो आणि केरसुणीने झटकन निघतात. त्यावरून घर डोक्यावर घेऊ नये.

दुसरी एक सवय फार उपयोगाची आहे. ससा गवत खाता खाताच लेंड्या टाकतो. माणसाला ही गोष्ट कशीतरीच वाटते, पण सशाच्या दृष्टीने ती रीतसर आहे. ट्रेला लागून गवत ठेवले की निम्मे शिक्षण तिथेच होते.

ट्रे कसा करावा?

बाजारात तयार ट्रे मिळतात, पण ते घेतलेच पाहिजेत असे नाही. जुना प्लास्टिकचा टब, पसरट घमेले किंवा फळांचा बंद तळाचा प्लास्टिकचा खोका चालतो. ससा त्यात पूर्ण वळू शकेल आणि ऐसपैस बसू शकेल एवढी जागा हवी. साधारण दोन किलोच्या सशाला दीड फूट लांब आणि एक फूट रुंद ट्रे पुरतो. कडा चार-पाच इंच उंच असाव्यात, म्हणजे लघवी बाहेर उडत नाही. एक बाजू मात्र कापून कमी उंचीची करावी, म्हणजे चढ-उतार सोपी होते. कापलेली कड घासून गुळगुळीत करावी.

तळाला वर्तमानपत्राचे सहा-आठ थर घालावेत, त्यावर कागदाच्या फाडलेल्या पट्ट्या आणि त्यावर दोन मुठी सुके गवत. काळ्या शाईची साधी रद्दी चालते, चकचकीत रंगीत कागद ओल शोषत नाही म्हणून तो नको. रद्दी अंथरण्यापूर्वी आपल्या साप्ताहिकाची पाने चाळून बाबासाहेबांचे आणि तथागतांचे फोटो बाजूला काढून ठेवायला कोणाला सांगावे लागणार नाही, तरी आठवण करून देतो.

काही वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. मांजरासाठी जी ओल लागताच गोळा होणारी माती मिळते, ती सशाच्या पोटात गेली तर तिथेही गोळा होते. सुताराकडचा भुसाही नको. देवदार, पाइन यांसारख्या लाकडांच्या भुशाचा तीव्र वास सशाच्या श्वासाला आणि यकृताला बाधतो आणि प्लायवूडच्या भुशात गोंद असतो. तारेच्या जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात लेंड्या खाली पडून जातात, त्यामुळे तो सोयीचा वाटतो. पण सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीवर सतत बसून तळवे सोलतात, जखमा होतात. असा पिंजरा असेल तर जाळीवर साधी लाकडी फळी टाकावी.

सवय कशी लावावी?

पहिले चार-सहा दिवस सशाला पूर्ण खोली मोकळी देऊ नये. चार फूट बाय चार फूट एवढी जागा पुठ्ठ्याने किंवा फळ्यांनी आडवी करून द्यावी. त्यात पाणी, गवत आणि एका कोपऱ्यात ट्रे. मग पाहत राहावे. ससा ट्रेमध्ये गेला तर उत्तमच. तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर त्याला उचलून आपटाआपटी करण्याऐवजी ट्रे उचलून त्या कोपऱ्यात ठेवावा. लघवीने भिजलेला कागद आणि दोन-चार लेंड्या त्याच ट्रेमध्ये टाकाव्यात. वासावरून त्याला आपली जागा कळते. ट्रेच्या कडेला, त्याला तोंड पोहोचेल असे गवत बांधावे. आठवडाभर लघवी ट्रेमध्ये होऊ लागली की जागा थोडी थोडी वाढवावी. एकदम सगळी खोली दिली तर तो पुन्हा नवा कोपरा शोधतो.

एका चाळीत आम्हाला असाच तंटा मिटवायला बोलावले होते. ससा ट्रेमध्ये कधीच जात नाही, अशी घरच्यांची तक्रार. पाहिले तर ट्रे दाराशी, चपलांच्या शेजारी ठेवलेला. दिवसभर तिथून माणसांची ये-जा. ससा बिचारा शिलाई मशीनच्या मागच्या कोपऱ्यात जात होता, कारण तिथे पाठीला भिंत होती आणि कोणाचा पाय पडत नव्हता. ट्रे मशीनमागे सरकवला आणि वर गवताची पेंडी बांधली. पंधरवड्यात शेजाऱ्यांची तक्रार बंद झाली. ज्या अवस्थेत शत्रूने झडप घातली तर पळता येणार नाही, त्या अवस्थेत कोणताही प्राणी आडोसाच शोधणार. घरात आपल्याला अडचण होत असेल तर सवय पक्की झाल्यावर ट्रे रोज एक वीतभर सरकवत सोयीच्या ठिकाणी न्यावा. मोरीत मात्र ट्रे ठेवू नये. तिथे कागद कायम ओला राहतो आणि ओल्या जागी बसून सशाचे तळवे बिघडतात.

बाहेर लघवी झाली तर लगेच टिपून घ्यावी आणि ती जागा पाणी व पांढरे व्हिनेगर यांच्या मिश्रणाने पुसावी, म्हणजे वासाची खूण जाते. मारणे, नाक घासणे, ओरडणे यांचा उपयोग शून्य. ससा शिकारीला बळी पडणारा प्राणी आहे. मारले की तो फक्त एवढेच शिकतो की हा माणूस धोक्याचा आहे. मग तो भीतीने आणखी ठिकठिकाणी लघवी करतो. मऊ आणि शोषून घेणाऱ्या वस्तूंवर लघवी करणे त्याला आवडते, म्हणून सवय लागेपर्यंत गोधड्या, सतरंज्या गुंडाळून कॉटवर ठेवाव्यात.

वास का येतो?

वास येतो तो मुख्यतः साचलेल्या लघवीचा. लघवी पडून राहिली की तिचा अमोनिया होतो. आपल्याला तो नाकाला झोंबतो, पण ससा त्याच पातळीवर नाक ठेवून तासन्‌तास बसलेला असतो. त्याने सशाला श्वासाचे आजार जडतात. म्हणून रोज सकाळी ओला कागद काढून नवा घालावा. आठवड्यातून एकदा ट्रे धुवावा. तळाला पांढरा थर धरतो तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. त्यावर व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवले की थर सुटतो. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फिनेल आणि डांबरगोळ्या सशाच्या जवळ नकोत. धुतल्यानंतर जुन्या कागदाचा एक छोटा तुकडा नव्या कागदाखाली ठेवावा, म्हणजे जागेची ओळख टिकते.

आवक-जावक वही

आम्ही कचेरीत आयुष्य काढलेली माणसे. आवक-जावक वही रोज पाहिल्याशिवाय कामाला हात घालत नाही. सशाचा ट्रे ही त्याची जावक वहीच आहे. ती रोज वाचायला शिका.

निरोगी ससा दिवसाला साधारण दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, एकसारख्या आणि फोडल्या तर आत गवताचा चुरा दिसेल अशा असाव्यात. लेंड्या बारीक, कडक, वेड्यावाकड्या होऊ लागल्या तर गवत कमी पडते आहे असे समजावे. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर अंगावरचे केस गळत आहेत. सशाला रोज विंचरावे आणि गवत वाढवावे. सशाच्या आहाराचा मोठा भाग सुके गवतच असावे. गाजर आणि फळे हा त्याचा खाऊ आहे, जेवण नव्हे. पोळी, बिस्किटे, फरसाण तर मुळीच नको. लसूणघासात कॅल्शियम जास्त असते, म्हणून मोठ्या सशाला तो रोज घालू नये. पाणी सतत भरलेले असावे.

कधी कधी द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या दिसतात. हा जुलाब नव्हे. ससा आपले अन्न दोनदा पचवतो. मोठ्या आतड्याच्या पिशवीत आंबलेले अन्न या मऊ लेंड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि ससा ते तोंड लावून लगेच खाऊन टाकतो. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली याचे वर्णन केले होते. त्यातून सशाला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. म्हणून ‘शी खातो’ म्हणून त्याला हिणवू नये आणि अडवूही नये. मात्र अशा मऊ लेंड्या रोज तशाच पडून राहत असतील, तर आहार चुकतो आहे किंवा लठ्ठपणामुळे त्याचे तोंड तिथे पोहोचत नाही, असे समजावे.

लघवी पिवळी, नारिंगी, कधी चक्क लालसर दिसते. पाल्यातील रंगद्रव्यांमुळे असे होते, तेवढ्यावरून घाबरू नये. परंतु लघवीत रक्ताचे ठिपके किंवा गाठी दिसल्या, ससा कुंथत बसला, लघवी ओल्या खडूच्या लगद्यासारखी दाट झाली, तर डॉक्टर गाठावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ससा खात नाही आणि दहा-बारा तासांत ट्रेमध्ये एकही लेंडी नाही, असे झाले तर उद्यावर ढकलू नये. सशाचे आतडे थांबले की एक-दोन दिवसांत जीव जातो. लहान पिल्लाला पाण्यासारखा जुलाब झाला तरी तीच घाई करावी. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे चौकशी करावी.

नसबंदीचा प्रश्न

चांगली सवय लागलेला ससा चार ते सहा महिन्यांचा झाला की अचानक बिघडतो. भिंतीवर, माणसाच्या पायावर लघवीची पिचकारी मारतो. तो वयात आलेला असतो आणि हद्द आखत असतो. त्यावर खरा उपाय नसबंदी. ती झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेक ससे पुन्हा ट्रेवर येतात. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका मोठा असतो. शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच करावी. आधी सशाला उपाशी ठेवू नये. ससा उलटी करू शकत नाही आणि उपाशी राहिला तर त्याचे आतडे थांबते.

पुष्कळजण हौसेने नर-मादीची जोडी आणतात. सशीचा गाभणकाळ फक्त ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि विल्यानंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. दोनाचे दहा कधी झाले ते कळत नाही. एका ट्रेचा हिशेब चुकतो तो इथे.

आणि लेंड्या उचलायच्या कोणी?

आता जरा घरातल्या माणसांविषयी. ससा बहुधा मुलाच्या हट्टाने येतो आणि ट्रे मात्र आई धुते, किंवा शाळा सांभाळून मोठी मुलगी धुते. मुलगा फक्त खेळवतो. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. कोणाची तरी घाण उचलण्याचे काम कोणाच्या तरी नशिबीच लिहिलेले आहे, ही समजूत मोडण्यासाठी आपल्या पिढ्या झगडल्या. ती समजूत घरात मुली-बायांच्या वाट्याला परत आणू नये. ज्याला ससा हवा त्याने ट्रे बदलावा. सहा-सात वर्षांचे मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली कागद बदलू शकते आणि साबणाने हात धुऊ शकते. भिंतीवर वाराप्रमाणे नावे लिहून लावा. वडिलांचेही नाव त्यात येऊ द्या.

ट्रेमधला कचरा शौचालयात टाकू नये, कागदाने पाइप तुंबतो आणि तो मोकळा करायला कोणाला तरी उतरावे लागते. गटारात किंवा मागच्या गल्लीतही फेकू नये. आपल्या कित्येक घरांतील माणसे सफाई खात्यात आहेत. आपण भिरकावलेले उद्या आपल्याच भावाच्या हाताला लागते. कागदात नीट गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्यावे. त्याहून चांगले म्हणजे कोरड्या लेंड्या कुंडीत घालाव्यात. सशाच्या लेंड्यांचे खत शेणखतासारखे कुजवत ठेवावे लागत नाही, थेट मातीत मिसळता येते. कढीपत्ता, मिरची, जास्वंद, सगळ्यांना चालते.

शेवटी, ससा आणण्याचा विचार असेल त्यांना एवढेच सांगणे आहे की, नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज चौथीत असलेला मुलगा बारावी होईपर्यंत रोज एक ट्रे बदलावा लागेल. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा सोसत नसेल, गवत मिळण्याची सोय नसेल, तर आणू नये. न आणणे हीसुद्धा दयाच आहे. आणलाच तर सोडून देऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, तहान-भुकेने हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे.

आणि ज्यांच्या घरी आज ससा आहे, त्यांनी रागावण्यापूर्वी दोन रात्री तो कोणत्या कोपऱ्यात जातो ते पाहावे. तिसऱ्या सकाळी ट्रे तिथे ठेवावा, वर गवत बांधावे आणि वारांची यादी भिंतीवर लावावी.

जयभीम.